चार बोटं

“हीसुद्धा सरळच मारते,” शुक्री नाराज होऊन म्हणाला आणि दुसरी हवेची बंदूकही त्याने बाकावर ठेवली.

दुकानामागच्या भिंतीवर टांगलेल्या कागदाला अगदी मधोमध भोक पडलं होतं. दुकानदार बयूमीने आधी त्या भोकाकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे.

“उस्ताज, पहिली तुर्की होती. महाग म्हणालात, मान्य. ही चिनी, स्वस्त, तुमच्या पेन्शनमध्ये बसणारी. डबा उडवेल, होला पाडेल. आता काय, होला सोलून शिजवूनही द्यायला हवा हिने?”

“ती कोपऱ्यातली दाखव.”

“ती? अहो, नळी वाकलीय तिची. कावळे हाकलायला ठेवलीय. कावळेसुद्धा हसतात तिला.”

शुक्रीने ती उचलली, नीट नेम धरला आणि घोडा ओढला. छर्रा मध्यापासून चार बोटं डावीकडे लागला. पुन्हा मारला. पुन्हा चार बोटं डावीकडे. पोस्टात छत्तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेला हा माणूस पोरासारखा हसला.

“हीच बांध.”

बयूमी बांधेना. कारण कळल्याशिवाय तो दोरीला हात लावणार नव्हता, तेव्हा शुक्रीला सांगावंच लागलं.

दर शुक्रवारी नमाजानंतर तो आणि मेतवल्ली सुतार कालव्याकाठच्या खजुरीच्या बागेत जात. ट्यूनाचे दहा रिकामे डबे मांडायचे आणि दोघांनी दहा-दहा छर्रे मारायचे. हरेल त्याने चहा करायचा. जिंकेल तो आठवडाभर बाशा, म्हणजे सरदार. मग कहव्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, भाकरीच्या रांगेत, सगळीकडे त्याला बाशाच म्हणायचं. नेमबाजीत मेतवल्लीला एके काळी अख्ख्या दमनहूर शहरात तोड नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी शुक्रीची बायको इनायात गेली आणि त्याने अंथरूण धरलं, तेव्हा मेतवल्लीनेच त्याला दंडाला धरून बागेत ओढत नेलं. त्याच महिन्यात शुक्री पहिल्यांदा बाशा झाला. मग बहुतेक शुक्रवारी तोच बाशा. त्याचा तोरा काही विचारू नका.

पण आता मेतवल्लीचा हात थरथरू लागला होता. सहा महिन्यांत त्याचा एकही डबा पडला नव्हता. गेल्या शुक्रवारी शुक्रीने मुद्दाम नेम चुकवला, पण लाकडाचा केसभर बाक नजरेने ओळखणाऱ्या सुताराला ते कळल्याशिवाय राहतंय थोडंच?

“भीक घालतोस मला?” मेतवल्ली म्हणाला होता. “पुढच्या खेपेला एकटाच ये.”

मेतवल्लीचा मुलगा कुवेतला होता. हा शुक्रवारही गेला तर म्हाताऱ्याला बोलायला भिंतीच उरणार होत्या. म्हणून शुक्रीला अशी बंदूक हवी होती, की मनापासून नेम धरावा आणि तरी तो चुकावा.

बयूमीने बंदूक बांधली. “वाकडी बंदूक मुद्दाम मागून नेणारे तुम्ही दुसरे,” तो म्हणाला. पहिला कोण, हे विचारण्याइतकी शुक्रीला उसंत नव्हती.

शुक्रवारी तो मेतवल्लीच्या दारात उभा राहिला. “माझ्या जुनीची स्प्रिंग गेली. नवी घेतलीय. नुसती बघायला तरी चल, खडूस.”

मेतवल्ली कुरकुरत निघाला. पण आपली बंदूक मात्र त्याने खांद्याला अडकवली.

बागेत शुक्रीने जीव ओतून नेम धरला. दहाच्या दहा छर्रे वाया गेले. मेतवल्लीचेही नऊ गेले. दहाव्याला त्याने श्वास रोखला, हात थरथरतच होता, आणि अगदी कडेचा डबा टणकन उडाला.

“बाशा!” शुक्री एवढ्याने ओरडला, की कालव्यावरचे बगळे उठले. मेतवल्लीच्या चेहऱ्यावर हसू मावेना. ते पाहून शुक्रीला भरून आलं. डोळे लपवायला तो काटक्या पेटवून चहाचं आधण ठेवू लागला.

पाठीमागे फट् असा आवाज झाला.

मेतवल्लीने शुक्रीची नवी बंदूक खजुरीच्या बुंध्याला टेकवून एक छर्रा मारला होता. ज्या डब्यावर नेम धरला होता, तो जागचा हलला नव्हता. मेतवल्ली चालत गेला आणि डब्यामागच्या झाडावरची ताजी खूण किती बाजूला आहे ते बोटांनी मोजू लागला. शुक्रीच्या हातातली साखरेची पुडी तशीच राहिली. संपलं, त्याला वाटलं, आता हा कधीच यायचा नाही.

मेतवल्ली परत आला आणि त्याने आपली बंदूक शुक्रीच्या मांडीवर ठेवली. या बंदुकीला त्याने आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्याच्या हाताने बंदुकीचा नेम जातो, असं तो सांगायचा.

“मार,” तो म्हणाला.

शुक्रीने मधल्या डब्यावर नेम धरला. हात स्थिर, नजर स्वच्छ. घोडा ओढला. डबा हलला नाही. मागच्या बुंध्याची साल उडाली, चार बोटं उजवीकडे.

त्याने आणखी एक छर्रा भरला आणि मारला. पुन्हा चार बोटं उजवीकडे.

“कधीपासून?” शुक्रीने विचारलं.

“इनायात वहिनी गेल्या त्या महिन्यापासून,” मेतवल्ली म्हणाला. “चहा उकळतोय, बाशा. साखर टाक.”