फळ्याची डावी बाजू

“सदा नव हवा, वाह वनदास!” ताईने माइकवर म्हटलं आणि सभागृह खूश झालं. सरळ वाचा नाहीतर उलट, वाक्य तेच!

पहिल्या रांगेत बसलेली तिची धाकटी बहीण बघतच राहिली. वाक्य धाकटीचं होतं. ती दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची. खोकून खोकून बेजार झालेला एक म्हातारा शहर सोडून जंगलात राहायला गेला आणि ठणठणीत होऊन भेटायला आला. “आता मला वनदास म्हणा,” म्हणाला. त्या एका शब्दावरून धाकटीने अख्खा उन्हाळा अक्षरं जुळवली होती. साप्ताहिकाला कोड्यांचं पान सांभाळायला कुणीतरी हवं होतं. आजच्या स्पर्धेत ज्याचं असं उलटसुलट वाक्य सरस, त्याला ते काम. धाकटीला ते जिवापाड हवं होतं. आयुष्यभर काय नुसतं ‘चार नंबर, आत या’ म्हणत बसायचं?

वाक्य तिने फक्त ताईला दाखवलं होतं. बहिणीला नाही तर कुणाला दाखवणार? दोघींची लहानपणापासूनची रीतच होती. जिने वाक्य केलं तिने फळ्याच्या डाव्या टोकाकडून लिहीत यायचं, तपासणारीने उजव्या टोकाकडून. मध्ये गाठ पडली की टाळी. धाकटी कायम डावीकडे, ताई कायम उजवीकडे. ताईला स्वतःचं वाक्य कधी जमलंच नव्हतं.

“मी आपली तुझी पिशवी धरायला येते,” असं सकाळी म्हणाली होती बया! आणि ऐन वेळी स्वतःचं नाव देऊन चढली की स्टेजवर. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आता ताईचीच पर्स धाकटीच्या मांडीवर होती. ती घट्ट धरून धाकटी रडू आवरत होती.

“वा!” संपादक म्हणाले. “फळ्यावर लिहा बघू. सगळ्यांना उलटंही वाचू द्या.”

ताईने खडू घेतला आणि सवयीने फळ्याच्या उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. आधी शेवटचा ‘स’ लिहिला. मग त्याच्या डावीकडे ‘दा’. मग न, व, ह, वा. काय हुशार बाई आहे, उलटं लिहिते, असं लोक एकमेकांना सांगू लागले. अर्ध्यावर ताईचा हात थांबला. टाळीसाठी तळवा वर झाला. समोर कुणीच नव्हतं.

“पुढचं?” संपादकांनी विचारलं.

ताई भानावर आली. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. धाकटी उठली, पर्स खुर्चीवर ठेवून वर गेली. दुसरा खडू घेऊन डाव्या टोकाकडून न अडखळता लिहीत आली. स, दा, न, व, ह, वा. दोघी मधोमध समोरासमोर आल्या.

“दोघींचं आहे म्हणू या ना,” ताई कुजबुजली. “दे टाळी.” तिचा तळवा अजून वरच होता.

क्षणभर धाकटीचा हात उचलला गेला. सवय, दुसरं काय! मग त्याच हाताने तिने डस्टर घेतलं आणि अख्खा फळा पुसून काढला. ताईला वळसा घालून ती उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली.

“लिही ताई, तुझं एखादं,” ती म्हणाली. “मी या टोकाकडून येते.”