दोन आज्ञा

धरणाच्या नियंत्रण कक्षातला नवा संगणक सकाळपासून पुन्हा पुन्हा बंद पडत होता. इंजिनिअर उल्का दातारने पॉवर सप्लाय बदलला, मेमरी बदलली, तरी तेच. बाहेर पाऊस थांबत नव्हता, पाणी धोक्याच्या खुणेला टेकलं होतं, आणि दरवाजे किती उघडायचे हे आता माणसं नव्हे, हा संगणकच ठरवत असे.

"कालचे पाणीपातळीचे आकडे दिले की व्यवस्थित चालतो," ती म्हणाली. "आजचे दिले की बंद."

"मग आकड्यांतच घोळ असेल, मॅडम," ऑपरेटर बाबर म्हणाले. त्यांचं गाव धरणाच्या पायथ्याशीच होतं.

उल्का संगणकाला दिलेल्या आज्ञा एकेक करून तपासू लागली. 'धरण फुटू द्यायचं नाही' ही आज्ञा तशीच ठेवून 'खालच्या गावात जीवितहानी होऊ द्यायची नाही' ही आज्ञा तिने बाजूला काढली, आणि संगणक सुरळीत चालू लागला. पडद्यावर अक्षरं उमटली : सर्व दरवाजे पूर्ण उघडत आहे.

"झाला की चालू!" बाबर हसले.

उल्काने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. संगणकात बिघाड नव्हताच. धरण आणि गाव, दोन्ही वाचवणं अशक्य आहे हे कळलं की तो स्वतःहून बंद होत होता. तिचा हात संगणक बंद करायच्या बटणाकडे गेला; पण धरण फुटलं असतं तर पुढची सगळीच गावं गेली असती. तिने हात मागे घेतला.

"काका, घरी फोन लावा. सगळ्यांना टेकडीवर पळायला सांगा. आत्ताच्या आत्ता!"

बाबरांच्या कानाशी नुसती रिंग वाजत राहिली. खाली पहिला दरवाजा वर उचलला जात होता.