भिंतीवरची बोटं

दर रविवारी शहराबाहेर छाणीला जाऊन तिथल्या शेडमध्ये भट्टी पेटवून हौसेनं सुऱ्या घडवणाऱ्या पद्माकरांचा उजवा खांदा हातोडा मारता मारताच गेला. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगून टाकलं, "हथोडो तो भूली ज जाओ, काका." हातोडा आता विसरायचाच. त्याचं त्यांना धड दुःखही झालं नाही, नुसतं रिकामं वाटत राहिलं.

या रविवारी ते रावपुऱ्यातल्या घरीच होते. शिकवल्याप्रमाणे स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर नेत होते. छातीपर्यंत येऊन बोटं अडली.

"खांदा कानाकडे उचलू नका," गव्हाची जाड भाखरी लाटता लाटता त्यांची बायको मृदुला म्हणाली. "भिंतीच्या अजून जवळ उभे राहा. आणि श्वास रोखू नका, त्यानं जास्त कळ येते."

"तुला कसं माहीत?"

"दोन वर्षांपूर्वी माझा खांदा धरला होता ना. सात-आठ महिने. कुकरसुद्धा डाव्या हातानं उतरवायचे."

"मला बोलली नाहीस कधी."

"बोलले होते. तुम्ही छाणीला निघाला होतात. आल्यावर बघू म्हणालात."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पद्माकर भिंतीजवळ सरकले आणि पुन्हा बोटं चढवू लागले; खांदा परत कानाकडे गेला.

मृदुलानं गॅस बारीक केला, पिठाचे हात पुसले आणि त्यांचा वर आलेला खांदा तळव्यानं हलकेच खाली दाबला.

"हं," ती म्हणाली, "आता चढवा."