कामिनीची ओटी

एरंडोलच्या कामिनीला टीव्हीवरच्या दुपारच्या गप्पांत बोलावलं होतं ते खानदेशी भरीत करून दाखवायला. मेकअपवालीने तिचा मोडून जुळलेला हात बांगड्यांनी पार झाकून टाकला. भाजलेली वांगी ठेचून होतात न होतात तोच निवेदिका चित्कारली, "आणि आता एक सरप्राइज!" पडदा सरकला. ज्याने हात मोडला म्हणून कामिनी माहेरी पळून आली होती, तोच नवरा गुलाबाचा गुच्छ घेऊन उभा, आणि त्याच्यापुढे खणनारळ घेतलेली सासू, भिकुबाई.

"चाल बेटा, तुनंच घर शे," म्हणत भिकुबाईने ओटी भरायला घेतली. ओटीला नाही कसं म्हणणार? कामिनीचा पदर आपोआप पुढे झाला. नारळ पदरात पडला तशी मात्र ती हंबरडा फोडून माइकमध्येच ओरडली, "मला नाही जायचं! मला ह्यांच्या घरी पाठवू नका!"

निवेदिकेने हलकेच डोळे टिपले आणि ती कॅमेऱ्याकडे वळली.



"पाहिलंत? सासरी निघालेली प्रत्येक लेक अश्शीच रडते. टाळ्या!"