पुलाखालचे आमदार

"वरून ट्रक जाणार आणि तुम्ही पुलाखाली उभे राहणार? डोकं ठिकाणावर आहे ना?" बायकोने विचारले.

आमदार बुटांच्या नाड्या बांधत होते. "आम्हा इंजिनिअरांची जुनी पद्धत आहे ती. ज्याने पूल बांधला, त्याने चाचणीच्या वेळी खाली उभं राहायचं."

"इंजिनिअर होतात तेव्हा. आता आमदार आहात."

"म्हणून तर."

हा पूल त्यांनीच बांधलेला. त्याच्याच जोरावर लोकांनी त्यांना नोकरीतून उचलून विधानसभेत नेऊन बसवले होते. यंदाच्या पुरात मधला खांब किंचित खचला आणि पूल बंद झाला. डागडुजी झाली, तरी विरोधक म्हणत होते, पाडून टाका. लोक म्हणत होते, साहेब सांगतील तसं. साहेबांची मात्र झोप उडाली होती. खांब भार पेलेल की नाही, हे कितीही आकडेमोड केली तरी खात्रीने सांगवेना. वाळूने गच्च भरलेले ट्रक पुलावर उभे करून बघणे, एवढाच मार्ग उरला होता.

"आणि पुलाने भार पेलला तर?" बायकोने विचारले.

"तर तिथल्या तिथे पूल खुला."

"मग पहिल्या बसमध्ये मी. आईकडे जायला वळसा घालून घालून कंबर मोडली माझी."

ट्रकांची जबाबदारी पैलवानाकडे होती. पहिल्या निवडणुकीपासून सावलीसारखा मागे असलेला हा कार्यकर्ता. ताडपत्र्या ताणून बांधलेले ट्रक एकामागून एक पुलावर येऊन थांबले. खाली आमदार हाताची घडी घालून उभे. खांब किती दबतो ते दाखवणाऱ्या मापकाचा काटा जेमतेम थरथरला. एरवी काटा अडकला तर नाही ना, म्हणून त्यांनी मापकावर टिचकी मारून पाहिली असती. पण काठावरून टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यांनी हात उंचावला.

ट्रक पलीकडे उतरले. लगेच बस निघाली, खचाखच भरलेली. तिच्या मागोमाग खोळंबून कंटाळलेले सिमेंटचे ट्रक आणि लोखंडाचे ट्रेलर पुलावर चढले.

"अहो, अजून खालीच?" बायको खिडकीतून ओरडली. "वर या की आता!"

बस मधल्या खांबाकडे सरकली. पैलवान धापा टाकत खाली आला. आमदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास! आता ती वाळू शाळेच्या मैदानावर ओतून टाका."

पैलवान लाजला. "कुठली वाळू, साहेब? तुम्ही खाली उभे राहणार म्हटल्यावर आम्ही ट्रक भरू होय?"