खिडकीतल्या अँटेना

मनालीने सीपीयूचं झाकण काढलं तेव्हा नरेंद्रकाका बॅटरी धरून शेजारीच उभे होते.

"अँटेना आतमध्येच चिकटवल्यात, काका. एवढ्या पत्र्यातून सिग्नल कसा येणार?"

"मग बाहेर काढ. दोन्ही."

उल्हासनगरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून ती बुवापाड्यात काकांच्या घरी आली होती. दुपारपासून काकांचे तीन फोन झाले होते.

"परवा तर नऊ वाजेपर्यंत काहीच दिसेना," यशोधराकाकू चहा ठेवत म्हणाल्या. "घास उतरला नाही."

मनाली हसली. "काकू, तुम्हाला नेटचं वेडच लागलंय की!"

काकूंनी नुसती बशी पुढे सरकवली.

मनालीने वायरलेस कार्डावरच्या बारीक वायरी सोडवल्या, मागच्या पट्टीतून नवी लांब केबल ओढली. काका तळहातावर स्क्रू सांभाळत होते. तीस वर्षं एमआयडीसीत फिटर होते. मध्येच म्हणाले, "तो नट अजून अर्धा आटा फिरव. ढिला आहे." खरंच ढिला होता.

टेबलावर एका तरुणाचा फोटो होता.

"मुलगा?"

"प्रमोद. केमिकल कंपनीत आहे."

"लांब असतो?"

काका केबलचा पीळ काढत राहिले. "लांबच म्हणायचं."

"मग कॅमेरा पण बसवते ना. रोज चेहरा दिसेल, गप्पा होतील."

काकूंनी काकांकडे पाहिलं. "नको गं. एवढंच कर."

दोन्ही अँटेना खिडकीच्या गजांना बांधल्या. काकांनी स्वतःच्या हातांनी त्या मागच्या गल्लीकडे वळवल्या, पुन्हा थोड्या तिरक्या केल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर शेजारपाजारच्या तीन वाय-फायची नावं आली.

"यातलं तुमचं कुठलं?"

"यायचंय अजून," काका म्हणाले. घड्याळात सहा वीस झाले होते.

काकू खुर्ची ओढून बसल्या. मनालीने हत्यारं पिशवीत भरली, चहा संपवला. दोघं पडद्यावरून नजर काढेनात. तिलाही निघवेना.

पावणेसातला यादीत चौथं नाव उमटलं. इंग्रजी अक्षरांत, प्रमोद.

काकूंनी काकांचं मनगट घट्ट धरलं.

"आलं!" मनाली म्हणाली. "चार दांड्या! बघा, एकदम कडक सिग्नल. पासवर्ड सांगा, लगेच जोडून देते."

"पासवर्ड नाही आमच्याकडे," काका म्हणाले.

"मग नेट कसं चालवता?"

"नेट नाही चालवत." काकांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "माझ्याशी भांडून गेला, दोन वर्षं झाली. मागच्या गल्लीत खोली घेतलीय, बोलत नाही. तो कामावरून सुखरूप घरी आला, वाय-फाय चालू केलं, की हे नाव दिसतं."