पूर्ण एक मिनिट

"हलू नकोस गं, श्वास मोजतेय तुझा."

"असं सांगून मोजतात होय?" खाटेवरची आई डोळे मिटूनच म्हणाली. "नापास!"

धाकटीनं जीभ चावली. श्वास मोजताहेत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. पूर्ण एक मिनिट, कळू न देता. हे तिनंच आईला शिकवलं होतं.

सोमवारी प्रॅक्टिकल. परीक्षक फोनवरून बघणार, पेशंट म्हणून घरातलंच कुणीतरी झोपवायचं. यात पास झालं की नर्स. नाही झालं तर तीन वर्षं पाण्यात.

"सिस्टर, सूप गरम आहे का बघा की चाखून. आमची जीभ भाजेल."

"किती नखरे गं या पेशंटचे!" धाकटीनं चमचाभर चाखलं.

"मीठ?"

पुन्हा चाखलं.

दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. पडदा फुगायचा, थांबायचा, बसायचा. भिंतीवर एक रिकामा खिळा होता, त्याची सावली हळूहळू लांबत होती. सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी. धाकटी पडद्याचेच श्वास मोजू लागली. बारा, तेरा...

साथ आली तेव्हा कॉलेजनं वर्गांना कुलूप लावलं आणि पोरींना वॉर्डात ढकललं. शिकाऊ म्हणून मास्क सगळ्यांत शेवटी, ड्यूटी सगळ्यांत आधी. वर टाळ्या. टाळ्या वाजवायला कुणाच्या बापाचं काय जातं?

चाळीस खाटा, दोन पोरी. श्वास मोजायला मिनिट कुठून आणायचं? तक्त्यावर सगळ्याच डोळे झाकून 'अठरा' लिहायच्या. सीनियरसुद्धा. नऊ नंबरचे काका रोज विचारायचे, "जेवलीस का गं पोरी?" त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. झोपले असतील म्हणून धाकटीनं अठरा लिहिलं आणि दहा नंबरकडे वळली. मागून वॉर्डच्या सिस्टरचा आवाज आला, "हे अठरा कुणाचे? हा माणूस केव्हाच गेलाय."

"सिस्टर, कुठे हरवलात?"

"अं? काही नाही." धाकटीनं खाली पाहिलं. वाटी निम्मी झाली होती. कधी, ते तिला कळलं नाही.

बाबा दारात चपला काढता काढता डोकावले. "काय म्हणतोय आज पेशंट?"

"निम्मी वाटी," आई म्हणाली. "आता तुम्ही जा बरं. भेटायची वेळ संपली."

"काय कडक वॉर्ड आहे!" बाबा हसल्यासारखं करून आत गेले.

बाहेर कुठेतरी शाळा सुटल्याचा गलका झाला. धाकटीच्या कपाळावर आठी पडली. "आई, शाळा तर बंद आहेत ना..."

"नाडी, सिस्टर, नाडी! परीक्षक बघताहेत."

धाकटीनं घाईनं मनगट धरलं. छाती वर, छाती खाली. पंधरा. सोळा. सतरा. बोटांखाली नाडी टिकटिकत होती. अठरा. तिचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

"खरंच अठरा आलेत गं," ती पुटपुटली. "मी मोजलेत. लिहू ना?"

"लिही, बाळा. मोजलेत तर लिही."

पेन्सिल बोटांतून निसटली. धाकटीचं डोकं हळूहळू खाली आलं आणि आईच्या कुशीशी, चादरीवर टेकलं. सोमवारी असंच जमायला हवं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

आई हलली नाही. तिनं फक्त आपलं मनगट फिरवून धाकटीचं मनगट बोटांत घेतलं, नजर तिच्या पाठीवर ठेवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. मग उशीखालची वही काढून तिनं लिहिलं: सूप निम्मी वाटी, झोप लागली, श्वास सोळा. वही भरली होती. ती ठेवायला तिनं अलगद उठून कपाट उघडलं. आत तशाच अकरा वह्या होत्या, बाजूला भिंतीवरून उतरवलेलं कॅलेंडर, आणि सगळ्यांच्या खाली कॉलेजचं पत्र: परीक्षा रद्द, सर्व विद्यार्थिनी उत्तीर्ण. तारीख दोन वर्षांपूर्वीची.